दहशूरचा वाकलेला पिरॅमिड : जायचं कसं, आत उतरायचं कसं आणि नेमकं बघायचं काय

इजिप्तला जाऊन आलेल्या आपल्या बहुतेक लोकांना विचारा पिरॅमिड बघितले का, तर ते गिझाबद्दलच सांगतात. सकाळी बसमधून उतरले, उंटाबरोबर फोटो, स्फिंक्ससमोर फोटो, जेवायला हॉटेलवर परत. गिझा बघायलाच हवं, त्यात प्रश्नच नाही, पण कैरोमध्ये तुमच्याकडे एक दिवस जास्तीचा असेल तर तो दहशूरला द्या हे मी अगदी मनापासून सांगतेय. गिझाचा मोठा पिरॅमिड बघून माणूस थक्क होतो खरा पण तो यांना जमला कसा ते काही कळत नाही, एकदम तयार होऊनच समोर येतो. दहशूरला तसं नाही. तिथे काम अर्ध्यावर आलेलं असताना बांधणाऱ्यांनी बेत बदलला, आणि तो बदल साडेचार हजार वर्षं झाली तरी लांबूनसुद्धा दिसतो, पिरॅमिड चक्क मध्यात वाकलाय.

थोडी ओळख करून देते म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. हा पिरॅमिड स्नेफ्रू राजाचा, चौथ्या राजवंशातला पहिला राजा, आणि गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याने बांधला त्या खुफूचा हा बाप. काळ साधारण इ.स.पू. २६०० च्या आसपासचा. पाया एकेका बाजूला जवळपास १८९ मीटर, उंची १०५ मीटरच्या आसपास. खालून निघालेली बाजू साधारण ५४ अंशांच्या चढाने वर जाते आणि ४७ मीटरच्या जवळपास पोचली की एकदम ४३ अंशांवर येते. इंग्रजीत याला बेंट पिरॅमिड म्हणतात, अरबीत अल-हरम अल-मुनहनी. हे अरबी नाव फोनमध्ये लिहून ठेवा, का ते सांगते. कैरोमध्ये टॅक्सीवाल्याला नुसतं "हरम" म्हणालात तर तो तुम्हाला गिझालाच नेणार, तिथल्या मोठ्या रस्त्याचं आणि त्या सगळ्या भागाचंच नाव हरम आहे. म्हणून आधी "दहशूर" म्हणायचं, मग हे नाव दाखवायचं.

दहशूर कैरोच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर आहे. ट्रॅफिक किती लागतं त्यावर तास ते दीड तास धरा. जाताना अॅपवरून गाडी मिळून जाते पण परत येताना त्या वाळवंटाच्या कडेला कोणी येत नाही, त्यामुळे गाडी अख्ख्या दिवसाची ठरवा आणि ठरवतानाच तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या : कुठे कुठे थांबायचं, किती वाजेपर्यंत, आणि मध्ये पपायरस, अत्तर, गालिचे अशा कुठल्याही दुकानात थांबायचं नाही. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतेय, आम्ही ठरवलेल्या गाडीवाल्याने आम्हाला आधी एका गालिच्यांच्या दुकानात नेऊन बसवलं आणि तिथे चहा, गप्पा, "फक्त बघा" यात सकाळचा सव्वा तास गेला, तो सव्वा तास मला आत पिरॅमिडमध्ये हवा होता. रस्ता मात्र सुंदर आहे, कालव्याच्या कडेने, खजुराची बनं, शेतात गाढवावरून चारा घेऊन जाणारी माणसं, आणि मग झाडं एकदम संपतात आणि पुढे नुसती वाळू. नाईलच्या पाण्याची हद्द जिथे संपते ना तिथेच या लोकांनी मेलेल्यांची जागा केली, हे पुस्तकात वाचलं होतं पण गाडीच्या काचेतून ती रेघ बघितली तेव्हा पटलं.

क्रम कसा ठेवायचा हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बरेच पॅकेजवाले गिझा पहिल्याच दिवशी उरकतात आणि मग बाकीचं "वेळ उरला तर". जमलं तर उलटं करा. सकाळी सक्काराला जोसेरचा पायऱ्यांचा पिरॅमिड बघा (दहशूरपासून सक्कारा साधारण दहाएक किलोमीटर, त्यामुळे एका दिवसात आरामात होतं), मग वाकलेला पिरॅमिड, मग त्याच आवारातला लाल पिरॅमिड, आणि गिझा नंतर एखाद्या दिवशी. असं बघितलं तर आधी पायऱ्या, मग सपाट बाजू करायचा प्रयत्न, मग तो प्रयत्न मध्येच सावरून घेतलेला, मग नीट जमलेला, मग मुलाने केलेला सगळ्यात मोठा, अशी शंभरेक वर्षांची शिकवणी डोळ्यांसमोरून जाते. आधी गिझा बघितलं की बाकीचे सगळे उगाच लहान वाटायला लागतात आणि हा तर चुकलेला वाटतो. आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी सक्काराला नुसतं बाहेरून बघा, सगळी ताकद दहशूरसाठी ठेवा.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. वसंतात खमसीन नावाचा वाळूचा गरम वारा सुटतो, त्या दिवसांत उघड्यावर उभं राहणं नको होतं. उन्हाळ्यात जायचंच असेल तर गेट उघडताना तिथे हजर राहा. रमझानमध्ये वेळा कमी होतात, त्या आदल्या दिवशी विचारून घ्या. शुक्रवार-शनिवार तिथली सुट्टी असते, पण दहशूरला गर्दी अशी होतच नाही, आम्ही गेलो तेव्हा आख्ख्या आवारात मोजून दहा-बारा माणसं होती. हेच तर इथलं सुख आहे, कोणी मागे लागत नाही, पिरॅमिडच्या पायथ्याशी उभं राहिलं की फक्त वारा ऐकू येतो. हा सगळा भाग पूर्वी लष्कराच्या ताब्यात होता, १९९६ मध्ये लोकांसाठी उघडला, आणि वाकलेल्या पिरॅमिडच्या आत जायला तर २०१९ च्या जुलैपासून मिळायला लागलं, त्याआधी १९६५ पासून तो आतून बंदच होता. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीतला कोणी हौशी माणूस इजिप्तला गेला असता तरी त्याला हे आतून बघायला मिळालं नसतं.

तिकीट गेटवरच मिळतं, जवळ कार्ड आणि थोडी रोख दोन्ही ठेवा. सोबत पाणी भरपूर, खायला काहीतरी, टोपी. दुकानांची रांग वगैरे इथे नाही. ड्रोन असेल तर तो घरीच ठेवा, परवानगीशिवाय इजिप्तमध्ये ड्रोन आणताच येत नाही, विमानतळावरच काढून घेतात.

आता पोचलात की लगेच आत शिरू नका. इथे बहुतेक लोक घाई करतात आणि मग हा पिरॅमिड आतून कसा का असेना, बाहेरून त्यांनी बघितलेलाच नसतो. आधी पूर्ण फेरी मारा, पाऊण तास लागतो. याचं बाहेरचं आवरण, म्हणजे नाईलच्या पलीकडच्या तुरा खाणीतला गुळगुळीत पांढरा चुनखडीचा दगड, अजून बराचसा जागेवर आहे, इतकं आवरण दुसऱ्या कुठल्याच मोठ्या पिरॅमिडवर उरलेलं नाही. गिझाला खाफ्रेच्या पिरॅमिडच्या नुसत्या टोकावर थोडं दिसतं आणि लोक त्याचेच फोटो काढतात. इथे हात वर करून बघाल तिथपर्यंत सपाट भिंत आहे, दोन दगडांमधली फट जवळ गेल्याशिवाय कळत नाही. पिरॅमिड म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा दगडी ढीग अशी जी आपल्या डोक्यात आकृती असते ती इथे मोडते, खरे पिरॅमिड असे दिसायचे, आरशासारखे.

मग कोपऱ्यावर या, जिथून आवरणाचे दगड नंतरच्या लोकांनी काढून नेलेत. तिथे डोळा दगडांच्या थराच्या रेषेत आणा आणि बघा, खालच्या भागातले थर आडवे नाहीत, ते पिरॅमिडच्या पोटाकडे झुकलेले आहेत. जुन्या पायऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये असेच दगड आत कलते ठेवायचे, म्हणजे सगळं एकमेकांवर टेकून उभं राहील असा हिशोब. पण इतक्या उंच बांधकामात त्यामुळे आतल्या दालनांवर उलट जास्त दाब यायला लागला. वाकल्यापासून वरच्या भागात थर बरेचसे आडवे आहेत. म्हणजे नुसता कोन नाही बदलला, दगड रचायची पद्धतच बदलली. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, आधी वाचून गेले होते म्हणून कोपऱ्यावर थांबले, आणि दिसलं तेव्हा अंगावर काटा आला. कोणीतरी मुकादम असेल, कोणी दगड घडवणारा, त्यांनी उन्हात उभं राहून चर्चा केली असेल की हे असं चालणार नाही, पुढचे थर सरळ टाका.

मग वाकवला का? यावर बरीच मतं आहेत, मी मला पटलेलं सांगते. हा उभा आहे ती जमीन पक्क्या खडकाची नाही, वाळू, खडी, माती असा थर आहे. सुरुवातीला याचा चढ आणखी तीव्र होता, साठ अंशांच्या जवळपास. वजन वाढलं तशी जमीन खचायला लागली, आत तडे गेले, मग बाहेरून चारी बाजूंनी दगडांचा पट्टा वाढवून पाया रुंद केला आणि चढ ५४ वर आणला. तरी भागेना, म्हणून वरचा भाग ४३ वर घेऊन वजन कमी केलं. काहीजण म्हणतात की तिकडे मैदूमला स्नेफ्रूचाच दुसरा पिरॅमिड याच सुमारास ढासळला आणि त्या भीतीने हा वाकवला, पण मैदूमची पडझड कधीची यावर एकमत नाही, आणि मला तर आत उतरून जे दिसतं तेवढंच कारण पुरेसं वाटतं.

तर आत. इथून पुढे नीट वाचा, हा भाग खरंच कष्टाचा आहे. ज्यांना बंद जागेची भीती वाटते, दमा आहे, हृदयाचा त्रास आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी आत जाऊ नये, अगदी स्पष्ट सांगते. माझी आई सोबत होती, तिने दारातून आत डोकावलं आणि म्हणाली तुम्ही दोघं जा, मी बाहेर बसते. तिचा निर्णय बरोबर होता.

उत्तरेच्या बाजूने लाकडी जिना चढून दाराशी जायचं, दार जमिनीपासून साधारण १२ मीटर वर आहे. तिथून जी वाट खाली उतरते ती जवळपास ७९ मीटर लांब आणि उंची जेमतेम एक मीटरच्या थोडी वर. म्हणजे उभं राहता येत नाही, ओणवं होऊन उतरत राहायचं. खाली फळ्यांवर आडव्या पट्ट्या मारल्यात त्यावर पाय टेकवायचा आणि दोन्ही बाजूंचा कठडा धरायचा. माझा अनुभव असा की तोंड खाली करून उतरण्यापेक्षा उलटं, म्हणजे शिडी उतरताना जसं वरच्या बाजूला तोंड ठेवतो तसं उतरलं तर मांड्यांवर ताण कमी येतो आणि डोकंही आपटत नाही. माझा भाऊ सहा फुटी आहे, तो सरळ उतरला आणि पाठ दोनदा छताला खरवडून आला. पाठीवर सॅक घेऊच नका, ती अडकते. पाण्याची छोटी बाटली, फोन, आणि डोक्याला बांधायचा टॉर्च, ट्रेकला नेतो तोच, एवढं पुरे. दिवे आहेत आत पण भरवसा टॉर्चवरच ठेवा. बूट ट्रेकिंगचेच घाला. आणि उतरायच्या आधी वरून हाक मारून बघा खालून कोणी येतंय का, मध्येच समोरासमोर आलात तर एकाला मागे सरकत जावं लागतं.

मध्ये एकदा तरी थांबा, टेकून बसा, श्वास घ्या. हवा कोंदट आणि गरम असते. इथल्या हवेची एक गोष्ट मला फार आवडते. १८३९ मध्ये जॉन पेरिंग नावाचा इंग्रज इंजिनियर ही वाट साफ करून घेत होता, मजूर गरमीने आणि कोंदटपणाने हैराण झालेले, आणि अचानक आतून थंडगार वारा वाहायला लागला, इतका जोरात की दिवे टिकेनात, आणि दोन दिवसांनी तो जसा आला तसा थांबला. या पिरॅमिडला पश्चिमेच्या बाजूला, जमिनीपासून तेहतीसेक मीटर उंचीवर, दुसरं दार आहे. एक उत्तरेला आणि एक पश्चिमेला अशी दारं त्या काळात विरळाच.

वाट संपली की एकदम उभं राहता येतं, आणि वर बघाल तर छत दिसतच नाही. हा अरुंद पण उंच भाग, त्यातून लाकडी जिन्याने वर गेलं की खालचं दालन. टॉर्च वर मारा आणि शांतपणे बघा. दोन्हीकडचे, चारीकडचे दगडाचे थर थोडे थोडे आत सरकवत वर नेलेत, आपल्या हेमाडपंती देवळांच्या छतात जसा एकेक थर पुढे काढत वरती जागा मिटवत आणतात तीच युक्ती, फक्त इथे ती मजल्यावर मजला चढवावा इतकी उंच नेलीय, सतरा मीटरच्या आसपास, आणि आपल्या देवळांच्या साडेतीन हजारांहून जास्त वर्षं आधी. या छतावर लाखो टन दगड उभा आहे आणि ते अजून खाली आलेलं नाही. मी तिथे जमिनीवर बसून घेतलं दहा मिनिटं. तुम्हीही बसा, इतक्या कष्टाने उतरून लोक तीन फोटो काढून वर निघतात त्याचं मला वाईट वाटतं.

आता इथून पुढे अजून एक टप्पा आहे, शिडीने दालनाच्या वरच्या भागापर्यंत चढायचं आणि भिंतीत खोदलेल्या एका ओबडधोबड बोगद्यातून वाकत, मध्येमध्ये रांगत पुढे जायचं. हा बोगदा बघताना लक्षात येतं की मूळ आराखड्यात तो नव्हता, बाकी सगळं रेघेत आणि हा असा वेडावाकडा, खालची आणि वरची अशा दोन वेगळ्या व्यवस्था त्याने नंतर जोडलेल्या आहेत. तो पश्चिमेच्या वाटेला मिळतो, तिथे वाट बंद करायचा दगडी अडसर बघायला विसरू नका, तो वरून खाली पडणारा नाही, बाजूने तिरका सरकणारा आहे.

आणि मग वरचं दालन. ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा ती गोष्ट इथे आहे. भिंती आत सरकू नयेत म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडाचे जाडजूड ओंडके टेकू म्हणून लावलेत. सीडरचं लाकूड, आपल्या हिमालयातल्या देवदाराच्याच कुळातलं, लेबनॉनकडून समुद्रमार्गे आणलेलं. स्नेफ्रूच्या काळात अशा लाकडाने भरलेली चाळीस जहाजं आल्याची नोंद पालेर्मोच्या शिलालेखात, म्हणजे इजिप्तच्या जुन्या राजांच्या वर्षावर्षाच्या नोंदी कोरलेल्या दगडावर, आहे. नोंद वाचणं वेगळं आणि समोर ते लाकूड बघणं वेगळं. पंचेचाळीस शतकं जुनं लाकूड, ज्या दिवशी तडे दिसले आणि कोणीतरी ओरडलं असेल की टेकू लावा, त्या दिवसापासून ते तिथेच उभं आहे. माझ्यासाठी अख्ख्या इजिप्तमधली सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट हीच, सोन्याचे मुखवटे वगैरे सगळं नंतर. कृपा करून त्या लाकडाला हात लावू नका, नख तर अजिबात नको.

परतताना तीच वाट चढून यायची. चढताना घाई नाही करायची, वीस-पंचवीस पावलं आणि थांबा. उतरणं, बघणं, चढणं धरून तास-सव्वा तास मोकळा ठेवा.

जे बाहेर थांबतात त्यांच्यासाठीही भरपूर आहे हां. दक्षिणेला याचा छोटा जोड-पिरॅमिड आहे, पूर्वेला नैवेद्याच्या जागेचे अवशेष आहेत. १९५० च्या दशकात अहमद फाखरी यांनी इथे उत्खनन केलं तेव्हा नदीच्या दिशेच्या वाटेवर स्नेफ्रूचं मंदिर सापडलं, त्याच्या भिंतीवर राज्यातल्या जहागिरी बायकांच्या रूपात कोरलेल्या, हातात नैवेद्य घेऊन ओळीने चाललेल्या. पूर्वेकडे नजर टाकली की लांब एक काळपट, ढासळलेला डोंगर दिसतो, तो आमेनेमहेत तिसऱ्याचा काळा पिरॅमिड, कच्च्या विटांचा, याच्यापेक्षा सातेकशे वर्षांनी नंतरचा, आणि तोही खचल्यामुळे राजाने हवाराला दुसरा बांधला. आई या सगळ्यात रमली होती, आम्ही घामाने भिजून बाहेर आलो तर ती सावलीत बसून तिथल्या पहारेकऱ्याशी खाणाखुणांनी गप्पा मारत होती आणि त्याने तिला खजूर दिले होते. पहारेकरी काही दाखवायला स्वतःहून पुढे आले तर त्यांना थोडी बक्षिसी द्यायची पद्धत आहे, नको असेल तर हसून "ला, शुक्रन" म्हणा, इथे कोणी हट्ट करत नाही.

लाल पिरॅमिड तिथून दोनेक किलोमीटर, गाडीनेच जायचं. हा पण स्नेफ्रूचाच, आणि याचा चढ बघा, तोच ४३ अंश. जो कोन वाकलेल्याच्या वरच्या भागात नाइलाजाने घेतला तोच इथे पहिल्या थरापासून घेतला, आणि पहिला नीट, सरळ बाजूंचा पिरॅमिड उभा राहिला. आतही जाता येतं, आधी बाहेरून बऱ्याच पायऱ्या चढायच्या मग साठेक मीटर उतरायचं, आत अमोनियासारखा उग्र वास असतो तेव्हा रुमाल ठेवा. एकाच दिवशी दोन्हींच्या आत जाणं तब्येत चांगली असेल तरच. एकच निवडायचा असेल तर मी वाकलेला निवडेन आणि लाल बाहेरून बघेन.

जेवण परतीच्या वाटेवर करा, शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत, कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोची तिखट चटणी, किंवा ताअमिया, हे भिजवलेल्या बाकल्याच्या डाळीचे वडेच. भूक अशी लागलेली असते की दोन प्लेट जातात.

आणि दुसऱ्या दिवशी गिझा ठेवू नका. आम्ही ठेवलं होतं आणि हॉटेलचा जिनासुद्धा कठडा धरून उतरत होतो, मांड्या अशा भरून आल्या होत्या. मध्ये एक दिवस म्युझियमला द्या किंवा नाईलच्या काठी बसा. मग गिझाला गेलात की खुफूच्या पिरॅमिडपासून जरा लांब, वाळूत मागे जाऊन उभे राहा आणि त्याचा चढ बघा, ५२ अंशांच्या जरासा आत. बापाने एकदा ५४ करून बघितला, एकदा ४३, आणि पोराने पक्क्या खडकावर, दगड आडवे ठेवून, दोन्हींच्या मधला घेतला.